सप्तमीच्या संध्याकाळचं जुनं पान

११ सप्टेंबर, सोमवार

आज मधुश्रीदीने ‘कोथाय’ माझ्या गळ्यात घातलं. कोथाय म्हणजे बंगालीत ‘कुठे’. दक्षिण कोलकात्यातल्या काही दुर्गापूजा समित्यांनी मिळून आमच्या कंपनीकडून ही साइट करून घेतली आहे. कुठल्या मंडपापुढे किती गर्दी आहे, कुठला रस्ता बंद आहे, पिण्याचं पाणी कुठे मिळेल, हे सगळं तिच्यावर. शिवाय गर्दीत हरवलेल्या माणसांसाठी एक वेगळं पान. गेल्या वर्षी षष्ठीच्या संध्याकाळी लोक खरोखर बाहेर पडले आणि साइट आडवी झाली, ती पूजा संपल्यावरच उठली. ज्याने बांधली तो बंगळूरला निघून गेलाय.

मधुश्रीदी आमच्या पाचजणांच्या कंपनीची मालकीण. ती म्हणाली, नवीन काही बांधू नकोस, आहे तेच पळतं कर. मोठा सर्व्हर मिळणार नाही हे तिने न विचारताच सांगितलं.

मी हो म्हटलं खरं, पण मी आजवर पानं बनवली आहेत, सर्व्हर कधी उघडून पाहिला नाही. दुपारी खोटी गर्दी सोडून पाहिली. हजारभर माणसं एकदम आल्याचा देखावा करणारा एक प्रोग्राम असतो. शंभरातच साइटने मान टाकली. भीती वाटायला हवी होती. मला मात्र ती नेमकी कुठे अडखळते तेच पाहावंसं वाटत राहिलं.

डायरी पुन्हा सुरू करतोय. बाबा गेल्यापासून मराठी बोलायला आईशिवाय कुणी नाही, आणि आमचं बोलणं म्हणजे ‘जेवलास का’ आणि ‘हो’. निदान लिहिण्यातून तरी भाषा टिकेल.

१३ सप्टेंबर, बुधवार

सापडलं. म्हणजे पहिलं कारण सापडलं.

साइटवर कुणी आलं की सर्व्हर त्याच्यासाठी एक प्रोसेस देतो, म्हणजे एक कामकरी माणूस म्हणू. आधीच्या गृहस्थाने असे दोनशे कामकरी नेमून ठेवले होते. जास्त माणसं, जास्त काम, असा त्याचा हिशेब असणार. पण प्रत्येकाला बसायला मेमरी लागते. ती संपली की मशीन सामान डिस्कवर हलवायला लागतं, आणि मग सगळा वेळ हलवाहलवीतच जातो. काम कुणीच करत नाही.

कॉन्फिगरेशनच्या फाइलीत एक आकडा बदलला. दोनशेचे वीस केले. साइट दुपटीने वेगवान झाली. बाकीचे लोक दाराबाहेर रांगेत थांबतात, पण रांग भराभर सरकते. मी खुर्चीत बसून स्वतःशीच हसत होतो. कमी केलं आणि वाढलं. हे मला शाळेत कुणी का नाही शिकवलं?

घरी आलो तर आई नव्हती. हल्ली तिचं संध्याकाळचं फिरणं लांबलंय. साखरेसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, ते ती मनावर घेतेय हे बरं झालं.

१९ सप्टेंबर, मंगळवार

गणपती बसले. आईने उकडीचे मोदक केले. या वर्षी नारळ खवायला जयप्रकाशकाका सकाळीच आले होते. काका खिदिरपूरच्या बंदरात कस्टममध्ये होते. बदली होऊन आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. मूळचे साताऱ्याचे. काकू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ते आरतीला टाळ वाजवतात, एवढीच माझी त्यांची ओळख. नारळ फार बारीक खवतात. खवणी कुठल्या फडताळात असते हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

जेवताना त्यांनी कोथायबद्दल विचारलं. मी डेटाबेसबद्दल बरंच बोललो बहुतेक. काका ऐकत होते. आई म्हणाली, “त्यांचा वरणभात गार होतोय.”

दुपारी पुन्हा कामाला बसलो. हरवलेल्यांचं पान प्रत्येक वेळी गेल्या वर्षीच्या सगळ्या नोंदी पहिल्यापासून चाळत होतं. डेटाबेसला सूची करून दिली, पुस्तकाच्या मागे असते तशी. आता तो थेट हव्या त्या नोंदीपाशी जातो.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

आज आईमुळे एक मोठी गोष्ट कळली. चहा घेताना ती म्हणाली, तुझ्या साइटवर मंडपांची चित्रं यायला फार वेळ लागतो. मी म्हटलं, तुझ्या फोनवर तर पटकन येतात. ती म्हणाली, “माझ्या नाही. एकाच्या जुन्या फोनवर.”

जुना फोन! माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ऑफिसातले सगळे फोन नवे. मी तिला तिथल्या तिथे प्रश्न विचारले. फोन कुठल्या वर्षाचा, पान अर्धं येतं की येतच नाही, चित्रं वरून खाली येतात की एकदम येतात. तिने सगळ्याची उत्तरं दिली, अगदी बारकाईने. मग ऑफिसात जाऊन पाहिलं तर एकेक चित्र भिंतीवर लावण्याएवढं मोठं होतं, आणि बोटभर दिसण्यासाठी लोकांना ते अख्खं पाठवलं जात होतं. सगळी बारीक केली. शिवाय ब्राउझरला सांगितलं, की बोधचिन्ह, अक्षरांचे ठसे म्हणजे फॉन्ट, नकाशाची रेघ, हे बदलत नाही. एकदा घे आणि महिनाभर जवळ ठेव, पुन्हा मागू नकोस.

संध्याकाळी आईचा फोन आला, आता चांगलं चालतंय म्हणून. रस्त्यावरच्या ट्रामची घंटा ऐकू येत होती. एवढ्या लांब चालत गेली?

२९ सप्टेंबर, शुक्रवार

आजचा दिवस लक्षात राहील.

‘आत्ता गर्दी कुठे आहे’ हे पान सगळ्यात जास्त उघडलं जातं. सगळे तोच प्रश्न विचारतात आणि सर्व्हर प्रत्येकासाठी तेच उत्तर पुन्हा नव्याने बनवतो. डेटाबेसकडे धावतो, आकडे आणतो, पान जुळवतो, देतो, विसरतो. पुढचा माणूस आला की परत पहिल्यापासून. म्हणून दाराशीच एक कॅश, म्हणजे तयार उत्तरांचा साठा, ठेवली. उत्तर एकदा बनवायचं, त्याची प्रत मिनिटभर जपायची आणि येईल त्याला तीच द्यायची. मिनिटाने टाकून नवी करायची.

खोटी गर्दी सोडली. हजार. मग पाच हजार. मग मी घाबरत वीस हजार सोडले. आतला सर्व्हर जवळजवळ स्वस्थ बसून होता.

मधुश्रीदीने विचारलं, हरवलेल्यांच्या पानालाही हीच युक्ती लावायची का? मी थोडा विचार केला. एखादं मूल हरवलं आणि त्याची बातमी मिनिटभर उशिरा दिसली तर? मिनिटभर चालेल असं ठरवलं. गेल्या वर्षी ते पान उघडतच नव्हतं, त्यापेक्षा बरं.

कॉन्फिगरेशन वाचता वाचता आणखी एक सोय दिसली. आतला सर्व्हर कोलमडला, तर कॅशने त्रुटीचं पान न दाखवता शेवटची चांगली प्रत दाखवत राहायची. एक ओळ लिहिली की झालं. आता साइट कधीच ‘पडलेली’ दिसणार नाही. ही ओळ ज्याला सुचली त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार, महालया

आई पहाटे रेडिओवरचा चंडीपाठ लावून बसली होती. मी अर्धवट जागा.

आज एक गंमत करून ठेवली. लोक साइटवर कुठून येतात, आधी काय पाहतात, मग कुठे जातात, हे पाहण्याची फार इच्छा आहे. म्हणून सर्व्हरला प्रत्येक लहानसहान गोष्टीची नोंद लिहायला सांगितली. अशा नोंदींना लॉग म्हणतात. पूजा संपल्यावर निवांत वाचेन. अख्ख्या शहराची संध्याकाळ कशी सरकते ते दिसेल.

आई म्हणाली सप्तमीला ती ठाकूर, म्हणजे मंडपांतल्या देवी, पाहायला जाणार आहे, चालत. म्हटलं, एकटी? म्हणाली, सोबत आहे. बरं झालं. शेजारच्या बायका दरवर्षी जातातच.

२० ऑक्टोबर, शुक्रवार, षष्ठी

पडली नाही. पडली नाही. पडली नाही.

समित्यांचे फोन आले, कौतुकाचे. मधुश्रीदीने सगळ्यांना एस्प्लनेडच्या कोपऱ्यावरचे रोल खाऊ घातले. आईने कौतुक करायचं अजून बाकी आहे, ती घरी नव्हती.

२१ ऑक्टोबर, शनिवार, सप्तमी

ऑफिसातून लिहितोय, दिवेलागणीला. खाली एस्प्लनेडला पाऊल ठेवायला जागा नाही, आणि इथे माझ्या पडद्यावर अशी शांतता की काय सांगू. कालपेक्षा जास्त लोक साइटवर आहेत, पण आतला सर्व्हर काहीच काम करत नाहीये. आलेख जमिनीला टेकलाय. पानं पापणी लवायच्या आत उघडतात. एवढी वेगवान साइट मी कधी पाहिली नाही. कॅश इतकी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

एका स्वयंसेवकाचा फोन आला होता. म्हणाला, नोंद चढत नाहीये. मी साइट उघडून पाहिली, उत्तम चालली आहे. त्याच्याकडे नेटवर्क नसणार, गर्दीत नसतंच. पुन्हा प्रयत्न करा म्हटलं.

जरा हरवलेल्यांचं पान पाहतो, किती वेगाने येतं ते.

२२ ऑक्टोबर, रविवार, अष्टमी

काल इथेच लिहिणं तुटलं. सगळं नीट लिहून काढायला हवं.

पान उघडलं. तिसरी नोंद: पुष्पा खांबेटे, वय सहासष्ट, हिरवी साडी, चष्मा, देशप्रिय पार्कजवळच्या रांगेतून वेगळ्या झाल्या. माझी आई. खाली खबर देणाऱ्याचा नंबर. तो नंबर माझ्या फोनमध्ये ‘जयप्रकाशकाका, मंडळ’ या नावाने होता.

आईचा फोन बंद. काकांचा लागेना. मी पुन्हा पुन्हा पान ताजं करत होतो आणि ते पुन्हा पुन्हा, झटक्यात, तेच सांगत होतं. हरवल्या आहेत. हरवल्या आहेत. लॅपटॉप पिशवीत टाकला आणि मेट्रोकडे पळालो. डब्यात लोक नवे कपडे घालून हसत होते. मला सारखं वाटत होतं की तिने औषध घेतलं असेल ना. तिची कुठली गोळी कितीची असते हेही मला माहीत नाही.

गर्दीतून वाट काढत समितीच्या तंबूपाशी पोचलो, तर आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. घोटा मुरगळला होता, त्यावर बर्फ. शेजारी जयप्रकाशकाका तिच्या चपला हातात धरून उभे. ती मला पाहून म्हणाली, “तू इथे कसा?”

ती केव्हाच सापडली होती. हरवल्यावर थोड्या वेळातच पाय घसरून ती फुटपाथवर बसली होती, आणि दोन कॉलेजच्या मुलींनी तिला तंबूत आणलं. टेबलावरची स्वयंसेविका चिडलेली होती. म्हणाली, दादा, आम्ही केव्हापासून ‘सापडल्या’ लिहितोय, तुमची साइट घेतच नाही. नवी नावंही चढत नाहीत. आता कागदावर लिहितोय.

 शांत आलेख. स्वस्थ बसलेला सर्व्हर. तो स्वस्थ नव्हता, बंद पडला होता. आणि मी लिहिलेली ती एक ओळ दाराशी उभी राहून येईल त्याला संध्याकाळचं शिळं पान हसतमुखाने वाटत होती.

टेबलापाशी एक मुलगी उभी होती, वीस-बावीसची. तिचे आजोबा सापडत नव्हते. त्यांना विसरण्याचा आजार आहे, स्वतःचं नाव सांगता येतं, पत्ता नाही. त्यांचं नाव कागदावर होतं. दुसऱ्या कुठल्याही मंडपात तो कागद दिसत नव्हता.

तंबूला शेजारच्या क्लबची इंटरनेटची तार ओढलेली होती. तिथेच खाली बसून सर्व्हर उघडला. डिस्क काठोकाठ भरली होती. माझ्या लॉगने. शहराची संध्याकाळ कशी सरकते ते पाहायचं होतं ना मला, त्या नोंदींनी सगळी जागा खाल्ली होती, आणि डेटाबेसला एक अक्षर लिहायला जागा उरली नव्हती. लॉगची फाइल पुसली. तरी जागा मोकळी होईना.  मग आठवलं, कुठेतरी वाचलं होतं की फाइल पुसली तरी जो प्रोग्राम तिच्यात लिहितोय त्याने ती धरून ठेवलेली असते, तो सोडेपर्यंत जागा परत येत नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. जागा आली. डेटाबेस उठला. कॅश रिकामी केली.

स्वयंसेविकेने आजोबांचं नाव चढवलं. या वेळी चढलं.

चहा संपायच्या आत गरियाहाटच्या बाजूच्या एका मंडपातून फोन आला. आजोबा तिथे बराच वेळ बसून होते. तिथल्या पोरांनी त्यांना लुची-तरकारी खायला घातली होती आणि पुन्हा पुन्हा आमचं पान पाहिलं होतं. यादीत नाव नव्हतं, म्हणून त्यांना वाटलं की म्हाताऱ्याला कुणी शोधत नाहीये.

हे वाक्य त्या फोनवरच्या मुलाने सहज सांगितलं. मी ते दिवसभर ऐकतोय.

टॅक्सीने घरी आलो. काका पुढे बसले, ड्रायव्हरशेजारी.  दारापाशी त्यांनी आईच्या चपला मला दिल्या आणि निघून गेले.

२४ ऑक्टोबर, मंगळवार, दशमी

मधुश्रीदीला सगळं सांगितलं. वाटलं होतं काम काढून घेईल. तिने पेन फिरवत विचारलं, आता काय केलंस? मी सांगितलं की लॉग कमी केला, आणि डिस्क भरत आली की मला फोनवर इशारा येतो. गर्दीच्या पानावर जुनी प्रत चालते, पण ती किती वाजताची आहे ते आता वर लिहिलेलं असतं. हरवलेल्यांच्या पानावरून ती ओळ काढली. आतला सर्व्हर उत्तर देत नसेल तर ते पान आता सरळ सांगतं, ‘या क्षणी आम्हाला माहीत नाही, तंबूत फोन करा.’ आणि खाली नंबर.

ती म्हणाली, समित्यांना हे पान आवडणार नाही. मी म्हटलं, नाही आवडणार. तिने ते राहू दिलं.

त्या मुलीच्या घरी जाऊन आलो. आजोबांनी मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी मला दशमीला मोठे देतात तो विजयेचा आशीर्वाद दिला आणि नारळाचे नाडू खायला लावले.

घरी आई पाय उशीवर ठेवून बसली होती. मी विचारलं, काका आणि तू बरेच दिवस फिरायला जाता का? म्हणाली, दीड वर्ष झालं.

“मला सांगितलं का नाहीस?”

“लपवलं नाही रे. तू विचारशील म्हणून थांबले होते. जुना फोन कुणाचा, एवढं तरी विचारशील असं वाटलं होतं.”

मग मी विचारलं. कुठे जाता, काय बोलता, पहिल्यांदा कसं ठरलं. ती आधी लाजली, मग सांगत सुटली. कुमारटुलीला, मूर्तिकारांच्या वस्तीत, मूर्तींचे डोळे रंगवताना पाहायला गेले होते. ट्रामने टोकापर्यंत जाऊन त्याच ट्रामने परत येतात. काकांना फुटपाथवर थांबून लोकांची भांडणं ऐकायची सवय आहे. ती इतकं बोलते हे मी विसरलोच होतो. बाबांचा विषय मीच काढला. ती म्हणाली, त्यांची आठवण तर आम्ही दोघंही काढतो, आणि काकूंचीही. मला थोडं दुखलं. खोटं कशाला लिहू. पण ऐकत राहावंसंही वाटलं.

२९ ऑक्टोबर, रविवार

काकांना जेवायला बोलावलं, मी फोन करून. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पाहुण्यासारखे कडेच्या खुर्चीत बसले. खवणीचं फडताळ माहीत असलेला माणूस.

जेवताना मी सप्तमीबद्दल विचारलं. आई दिसेनाशी झाल्यावर काय केलंत? काका घास ठेवून बोलू लागले. रांगेत दोरी आडवी आली, आई पलीकडे राहिली, मग दिसेना. ते दोनदा मागे गेले. मग तंबूत. तिथल्या मुलीने नाव विचारलं, वय विचारलं, साडीचा रंग विचारला. ते सगळं सांगता आलं. मग तिने विचारलं, या तुमच्या कोण?

“मागे लोक उभे होते,” काका म्हणाले. “मला काही सुचेना. शेवटी म्हटलं, लिहा, माझ्याबरोबर आल्या आहेत.”

त्यांच्याकडे माझा नंबर होता. मंडळाच्या यादीत आहे. मी विचारलं, मला का नाही फोन केलात? ते म्हणाले, केला असता तर आधी सांगावं लागलं असतं की पुष्पाताई माझ्याबरोबर काय करत होत्या. ते सांगायचा मला काय अधिकार. म्हणून आधी त्यांना शोधून काढायचं ठरवलं.

 आईने आमटीची वाटी उगाचच सरळ केली. दोघंही माझ्याकडे पाहत नव्हते, आणि माझ्याच बोलण्याची वाट पाहत होते, एवढं मात्र मला या वेळी कळलं.

“काका,” मी म्हटलं, “पुढच्या वेळी तंबूत मागाहून जा. आधी मला फोन करा.”

त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ चष्मा पुसला.

“भात घ्या,” आई म्हणाली. मला वाटलं मला म्हणतेय, पण मला ती ‘घे’ म्हणते.